पदवी मिळाली, दवाखाना राहिला

कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना अमेरिकेला गेली आणि डॉक्टर आनंदीबाई होऊन परत आली. तिच्या नावापुढे ‘पहिली’ हे विशेषण लावून आपण मोकळे होतो. पण त्या पदवीसाठी तिने काय शिकले, काय सोसले आणि त्या शिक्षणाचे पुढे काय झाले?

सकाळी सातच्या सुमारास कल्याण, डोंबिवली किंवा ठाणे स्थानकावर उभे राहिले, की गर्दीत काही मुली हमखास दिसतात. पाठीवर जड सॅक, हातावर घडी घातलेला पांढरा अॅप्रन, आणि उभ्या-उभ्याच उघडलेली वही. कोणी शीवला निघालेली असते, कोणी परळला, कोणी कळव्याला. एक डॉक्टर होणार असते, एक परिचारिका, एक फिजिओथेरपिस्ट. घरच्यांना तिची काळजी असते ती परीक्षेची, लोकलच्या गर्दीची आणि डब्यातली पोळी वेळेवर खाल्ली की नाही याची. मुलीने रोग्याच्या अंगाला हात लावायला शिकावे की नाही, असा प्रश्न आता कोणत्याही घरात पडत नाही.

हा प्रश्न ज्या घरात पहिल्यांदा पडला त्यांतले एक घर याच कल्याणचे होते. आनंदीबाई जोशी हे नाव आपल्याला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असते. पुस्तकात बहुधा दोनच गोष्टी असतात. त्या अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या आणि लहान वयात वारल्या. या दोन वाक्यांच्या मधे जे आयुष्य आहे ते मात्र फारसे कोणी उलगडून पाहत नाही.

ओहोटीतले घर

यमुनेचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. वडील गणपतराव जोशी, आई गंगाबाई. कल्याणच्या या घराण्याने एके काळी जमीनजुमला पाहिलेला होता. यमुना जन्मली तेव्हा त्या वैभवाला ओहोटी लागली होती. मोठे घर, मोठा गोतावळा आणि कमी होत चाललेला पैसा, असा तो संसार.

कल्याण तेव्हा खाडीकाठचे जुने बंदर होते आणि रेल्वेचे नवे ठाणेही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. यमुना जन्मली तेव्हा गाडीला गावात येऊन अकरा वर्षे झाली होती. गाडीबरोबर टपाल आले, तारखाते आले आणि बदलीवर येणारे कारकून आले. अशाच एका टपाल कारकुनाने या मुलीचे आयुष्य बदलले.

गोपाळराव जोशी हे मूळचे संगमनेरकडचे. वय तिशीच्या आसपास, पहिली बायको वारलेली. बायकोला शिकवायचेच, हा त्यांचा हट्ट. १८७४ मध्ये त्यांचे यमुनेशी लग्न झाले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. सासरी तिचे नाव आनंदी ठेवण्यात आले.

शिकवणारा नवरा

गोपाळराव हे मराठी मनाला आजवर न उलगडलेले कोडे आहे. त्या काळी बायकोने पुस्तक हातात धरले तर नवरा रागवायचा. इथे बायको पुस्तक सोडून स्वयंपाकघरात रमली तर नवरा संतापायचा. हे ऐकायला गमतीचे वाटते. पण त्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला त्यात गंमत नव्हती. शिकवताना गोपाळराव हात उगारत, जे हाताला लागेल ते फेकून मारत, सोडून जाण्याची धमकी देत. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी या गोष्टींची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. त्याच पत्रव्यवहारात, आपण जे काही झालो ते त्यांच्यामुळे, असेही त्या मानतात. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि आनंदीबाईंनी त्यांतली एकही लपवली नाही.

गोपाळरावांची बदली होत गेली. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि मग थेट कलकत्ता. प्रत्येक गावात आनंदीबाईंचे शिक्षण पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. कधी घरीच, कधी मिशनच्या शाळेत. पुस्तके घेऊन रस्त्याने चालणारी, नवऱ्याबरोबर फिरायला जाणारी बाई दिसली की लोक थांबून पाहत, हसत, टोमणे मारत. घरात धाक आणि दारात कुचेष्टा, अशा दोन दगडांच्या मधून त्यांचे इंग्रजी तयार झाले. पुढे त्याच इंग्रजीने त्यांनी समुद्रापलीकडची माणसे जोडली.

दहा दिवसांचे मूल

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, असे त्यांना वाटत राहिले.

त्या काळचे बाळंतपण म्हणजे घरातली अंधारी, कोंदट खोली आणि पिढीजात अनुभवावर काम करणारी सुईण. अडलेल्या बाईजवळ पुरुष डॉक्टरला येऊ देणे कुलीन घरात शक्यच नव्हते. अनेक बायका मरण पत्करत, पण परपुरुषाकडून तपासून घेत नसत. आणि स्त्री डॉक्टर तर देशात जवळपास नव्हत्याच. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ मध्ये बायकांना प्रवेश दिला होता, पण ती सुरुवात अगदी लहान होती.

नवऱ्याने लादलेले शिक्षण आनंदीबाईंचे स्वतःचे झाले ते इथे. वाचायला येणे, इंग्रजी बोलणे ही गोपाळरावांची हौस होती. डॉक्टर होण्याला मात्र त्या दहा दिवसांच्या मुलाचे कारण होते.

एक मासिक, एक पत्र

कोल्हापूरला असताना गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याशी पत्रव्यवहार केला. बायकोला अमेरिकेत शिकवायचे आहे, आपल्यालाही तिकडे काही काम मिळेल का, अशी विचारणा होती. वाइल्डरसाहेबांना त्यात धर्मांतराची संधी दिसली. गोपाळरावांना ती अट मान्य नव्हती. बोलणे तिथेच थांबले. पण वाइल्डरनी हा पत्रव्यवहार अमेरिकेतल्या आपल्या मासिकात छापून टाकला.

न्यू जर्सी संस्थानातल्या रोझेल गावी राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणी दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. आपला नंबर येईपर्यंत त्यांनी तिथले एक मासिक चाळायला घेतले, तर त्यात हा पत्रव्यवहार. हजारो मैलांवरच्या कुणा मुलीला शिकायचे आहे आणि तिला कोणी मदत करत नाही, हे वाचून त्या अस्वस्थ झाल्या. १८८० मध्ये त्यांनी आनंदीबाईंना पहिले पत्र पाठवले.

त्या पत्रातून जे नाते जुळले ते रक्ताच्या नात्याहून घट्ट ठरले. सण, स्वयंपाक, बालविवाह, धर्म, फुले, दुखणी असा कुठलाही विषय त्या दोघींना वर्ज्य नव्हता. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. कलकत्त्यात आनंदीबाईंची प्रकृती ढासळली. अशक्तपणा, डोकेदुखी, अधूनमधून ताप. मावशींनी अमेरिकेहून औषधे धाडली. ती लागू पडली नाहीत. प्रकृतीची ही तक्रार पुढे कायम सोबत राहिली.

श्रीरामपूरची सभा

बंगालमधल्या श्रीरामपूरला बदली झाल्यावर बेत पक्का झाला. दोघांनी जायचे तर पैसा नव्हता. तेव्हा आनंदीबाईंनी एकटीने पुढे जायचे ठरले. विवाहित हिंदू बाई, वय अठरा, नवरा सोबत नाही आणि वाट समुद्राची! कलकत्त्यापासून महाराष्ट्रापर्यंत गहजब झाला. ती बाटणार, परत आली तर तिला वाळीत टाकावे लागणार, अशी भाकिते सुरू झाली.

आनंदीबाईंनी या सगळ्यांना एकदाच आणि जाहीरपणे उत्तर द्यायचे ठरवले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्या इंग्रजीत बोलल्या. लोक जे प्रश्न विचारत होते तेच त्यांनी स्वतः मांडले आणि एकेकाला उत्तर दिले. अमेरिकाच का, इथे का नाही, एकटी का, बहिष्काराचे काय? देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे आणि ती भागवायला कोणीतरी निघालेच पाहिजे, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा होता. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही त्यांनी बजावून सांगितले. या सभेची बातमी पसरली आणि आतापर्यंत नुसते बोट दाखवणाऱ्यांतले काही जण मदतीचा हातही पुढे करू लागले.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या ओळखीच्या मिशनरी बायकांच्या सोबतीने कलकत्त्याहून बोटीत चढल्या. ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या. जवळजवळ दोन महिन्यांचा प्रवास! धक्क्यावर कार्पेंटर मावशी उभ्या होत्या. तीन वर्षे केवळ अक्षरातून ओळखलेला चेहरा त्या पहिल्यांदा पाहत होत्या.

फिलाडेल्फियाची तीन वर्षे

आनंदीबाईंनी निवडले ते फिलाडेल्फियाचे विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. १८५० मध्ये स्थापन झालेले हे कॉलेज बायकांना डॉक्टरकीची पदवी देणाऱ्या जगातल्या पहिल्या संस्थांपैकी एक. अमेरिकेतही बायकांना हे शिक्षण सहजासहजी मिळालेले नव्हते. १८६९ मध्ये या कॉलेजच्या मुली पहिल्यांदा पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष रुग्ण पाहायला गेल्या, तेव्हा तिथल्या पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा करून त्यांची हुर्यो उडवली होती. टोमण्यांची भाषा वेगळी, जात तीच.

कॉलेजच्या डीन रेचल बॉडली या मूळच्या रसायनशास्त्राच्या अध्यापिका. आनंदीबाईंनी त्यांना अर्ज लिहिला. त्यात आपली तयारी अपुरी असल्याचे त्यांनी झाकले नाही. पण ज्या बायका पुरुष डॉक्टरला जवळ येऊ देत नाहीत त्यांच्यासाठी शिकायचे आहे, हे ठासून सांगितले. बॉडलीबाईंनी प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली आणि पुढे मायेने सांभाळलेही.

अभ्यास तीन वर्षांचा होता. रसायनशास्त्र, शरीररचना, शरीराचे व्यापार, औषधे, शस्त्रक्रिया, प्रसूती. ज्या मुलीने पद्धतशीर शाळा सलग अशी कधी पाहिलीच नव्हती, तिने परक्या भाषेत हे सगळे पेलायचे होते. शवविच्छेदन करायचे होते. सोवळ्याच्या घरात वाढलेल्या मुलीच्या मनाची त्या पहिल्या दिवशी काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पण अभ्यास तिने टाकला नाही.

टाकल्या नाहीत अशा आणखी काही गोष्टी होत्या. मांसाहार केला नाही. साडी सोडली नाही. फक्त नऊवारीऐवजी पाय पूर्ण झाकले जातील अशी गुजराती पद्धत धरली. देशात दिलेला शब्द हजारो मैलांवर, कोणी पाहत नसताना, पाळायचा होता. फिलाडेल्फियाची थंडी हाडे गोठवणारी, शाकाहारी जेवण स्वतःच्या हाताने रांधावे लागणारे, आणि अभ्यास रात्री उशिरापर्यंत चालणारा. आधीच कमकुवत असलेली प्रकृती त्या तीन वर्षांत आतून पोखरली गेली.

पदवीसाठी प्रबंध लिहायचा होता. आनंदीबाईंनी विषय घेतला आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. त्यासाठी त्यांनी आयुर्वेदाच्या ग्रंथांचा आधार घेतला आणि अमेरिकन पाठ्यपुस्तकांचाही. घरातल्या अंधाऱ्या खोलीपासून सुरू झालेला विचार असा प्रबंधाच्या पानावर येऊन पोचला.

११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झाले. सभागृहात गोपाळराव होते. इंग्लंडहून मुद्दाम आलेल्या पंडिता रमाबाई होत्या. या पदवीची बातमी कळल्यावर व्हिक्टोरिया राणीकडून अभिनंदनाचा निरोप आला. आनंदीबाईंच्या एकविसाव्या वाढदिवसाला अजून वीस दिवस होते. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. दोन भारतीय मुली, एक फिलाडेल्फियात आणि एक कलकत्त्यात, एकाच वर्षी डॉक्टर झाल्या. पहिली कोण हा वाद आपण घालत बसतो. त्या दोघींनी तो घातला नसता असे वाटते.

कोल्हापूरची रिकामी जागा

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंची नेमणूक अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची प्रमुख डॉक्टर म्हणून केली. आज तेच रुग्णालय सी.पी.आर. म्हणून ओळखले जाते. नवऱ्याच्या बदलीमागे फरफटत कोल्हापूरला गेलेली मुलगी आता स्वतःच्या नेमणुकीवर तिथे जाणार होती.

पण १८८६ च्या अखेरीस त्या मुंबईच्या धक्क्यावर उतरल्या त्या आजारी अवस्थेतच. क्षयाने त्यांना ग्रासले होते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी चारच वर्षांपूर्वी, १८८२ मध्ये, जगाला दाखवला होता. आनंदीबाईंच्या विद्यार्थिदशेतले हे सर्वांत ताजे ज्ञान. रोग कशाने होतो ते समजले होते, पण त्यावरचे औषध सापडायला आणखी साठ वर्षे लागायची होती. स्ट्रेप्टोमायसिन आले ते १९४० च्या दशकात. डॉक्टर झालेल्या बाईला आपल्या दुखण्याचे नाव ठाऊक असावे आणि त्यावर उपाय मात्र जगातच नसावा, याहून कठीण शिक्षा कोणती?

परदेशगमन केलेल्या या बाईला बघायला लोक आता कौतुकाने येत होते. बहिष्काराची भाषा विरली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंनी डोळे मिटले. वयाची बावीस वर्षे पुरी व्हायला महिनाभर बाकी होता. कोल्हापूरची जागा त्यांनी कधी घेतलीच नाही.

त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेत पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या ठेवलेल्या आहेत. कल्याणच्या लेकीचे शेवटचे विश्रांतिस्थान असे सातासमुद्रापार, एका मावशीच्या अंगणात आहे.

हिशेब कसा मांडायचा?

व्यवहारी माणूस विचारील, की मग या शिक्षणाचा उपयोग काय झाला? तीन वर्षे, एवढा खर्च, एवढे हाल, आणि दवाखाना एक दिवसही चालवता आला नाही.

याचे उत्तर आनंदीबाईंच्या आयुष्याबाहेर शोधावे लागते. त्या निघाल्या त्याच वर्षी, १८८३ मध्ये, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजने मुलींना प्रवेश दिला. १८८६ मध्ये मुंबईत खास बायकांसाठी कामा रुग्णालय उघडले. हे काही आनंदीबाईंमुळे घडले असे म्हणता येणार नाही; पण जी गरज त्यांनी श्रीरामपूरच्या सभेत बोलून दाखवली तीच गरज आता सगळ्यांना दिसू लागली होती. त्यांच्यामागून गेलेल्या रखमाबाई लंडनला शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर बायकांची सेवा केली. एकीच्या हातून राहिलेला दवाखाना दुसरीने चालवला. कॅरोलिन डॉल यांनी १८८८ मध्ये इंग्रजीत आणि काशीबाई कानिटकरांनी १९१२ मध्ये मराठीत आनंदीबाईंचे चरित्र लिहिले. पुढे श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ कादंबरीने त्या घराघरांत पोचल्या. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचे नाव आहे.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आजच्या घरांशी निगडित आहे. आनंदीबाईंच्या शिक्षणाचे सगळे कौतुक झाले. त्यांच्या तब्येतीचा विचार मात्र नेहमी दुय्यम राहिला. शिकवण्याचा हट्ट होता, पण शिकणारीच्या शरीराला काय झेपते हे विचारायला सवड नव्हती. आजही वैद्यकीय शिक्षण काही सोपे झालेले नाही. डॉक्टर असो, परिचारिका असो की पोलिओच्या काळात मुंबईत रुजलेल्या फिजिओथेरपीचा अभ्यास करणारी मुलगी असो, पुस्तकाबरोबर रुग्णालयातली उमेदवारी तिला चुकत नाही. दिवसभर उभे राहायचे, दुसऱ्याच्या दुखऱ्या सांध्याला हात लावायचा, अर्धांग झालेल्या माणसाला आधार देऊन उठवायचे आणि रात्री अभ्यासाला बसायचे. दुसऱ्याचे शरीर सावरायला निघालेल्या या मुलींच्या स्वतःच्या शरीराकडे घरातून कोणी पाहते का? परीक्षेचे गुण विचारताना झोप किती झाली हेही विचारले जाते का? आणि ही वाट तिने निवडली, की आपण तिच्यासाठी निवडली?

गोपाळरावांनी यातला एकही प्रश्न विचारला नाही. कार्पेंटर मावशींनी ते पत्रातून विचारले, बॉडलीबाईंनी समोर बसवून विचारले. म्हणून आनंदीबाईंच्या आयुष्यात शिकवणाऱ्याइतकेच मोल या दोघींना आहे.

कल्याण-डोंबिवली महापालिका स्थापन झाली १९८३ मध्ये. आनंदीबाई बोटीत चढल्या त्याला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती. या शंभर वर्षांत खाडीकाठच्या गावाचे शहर झाले, आणि या शहरांतून दरवर्षी कितीतरी मुली वैद्यकाच्या वेगवेगळ्या शाखांना जाऊ लागल्या. त्यांतल्या बहुतेकींना कोणी ‘पहिली’ म्हणणार नाही, त्यांची चरित्रे लिहिली जाणार नाहीत. त्या शिकतील, नोकरी करतील, दवाखाना थाटतील, पन्नाशीत गुडघे दुखतात म्हणून कुरकुरतील आणि नातवंडे खेळवतील. आनंदीबाईंना जे मिळाले नाही ते नेमके हेच साधे, लांबलचक, कामाने भरलेले आयुष्य होते. ते आपल्या लेकींना मिळावे, एवढे पाहणे आपल्या हातात आहे.